अंगणवाडीची संचालिका आणि प्राथमिक शिक्षक

(झरी जामणी तालुक्यातील प्राथमिक शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्या संयुक्त सभेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या सभेचा विषय ठरला तेव्हा एका शिक्षकमित्राने मला विचारले की, अंगणवाडी ही महिला व बालविकास विभागाची. तिचा कारभार कसा चालावा याचा ऊहापोह आपल्या सभेत कशासाठी? प्रश्न गैर नाही. आपल्या खात्यांच्या भिंती कागदोपत्री पक्क्या आहेत. परंतु सहा वर्षांचे मूल इयत्ता पहिलीच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहते, तेव्हा आपण कोणत्या खात्यातून आलो हे त्यास ठाऊक नसते. त्याची मागील तीन वर्षे एक तर कोणाच्या तरी जाणत्या हाताखाली गेलेली असतात, किंवा ती नुसतीच गेलेली असतात. आणि या दोहोंतील अंतर आपणांस जूनच्या अखेरीसच दिसून येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षे आणि आपली पहिली व दुसरी मिळून हे एकच काम आहे, ते दोन छपरांखाली चालते इतकेच.

आता 'संचालिका' या शब्दाविषयी. शहरातील बालकमंदिरात संचालिकेस स्वतंत्र खोली असते, मेज-खुर्ची असते, हाताखाली चार-सहा शिक्षिका असतात. आपल्या तालुक्यात एक खोली, एक सेविका आणि एक मदतनीस. शासनाने तिला सेविका म्हटले व तिचे काम मानसेवी ठरविले. परंतु मुले जमविणे, त्यांस शिकविणे, वजन घेणे, आहार शिजवून घेणे, लसीकरणाच्या दिवशी आयांस बोलावून आणणे, नोंदी ठेवणे आणि हे सारे एकमेकांत अडकू न देता चालविणे ही कामे जी करते तिला संचालिकाच म्हटले पाहिजे. मी आज तिला याच नावाने संबोधणार आहे. त्यात तिचा गौरव करण्याचा हेतू नाही. तिच्या कामाचे खरे नाव तेच आहे.

या विषयाकडे मी का वळलो, ते सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मी पदविका घेऊन नुकताच नोकरीस लागलो होतो. शाळा कापसाच्या मुलखातली, दुसऱ्या तालुक्यातली. तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती, हिशेबात चलाख. दिवाळीच्या आगेमागे ती कडेवर धाकट्या भावास घेऊन येऊ लागली. ते पोर रडे, रांगे, दुसऱ्यांच्या पाट्या ओढी. दोन दिवस मी सोसले. तिसऱ्या दिवशी म्हणालो, "याला घरी ठेवून ये, मगच वर्गात बस." ती म्हणाली, "गुरुजी, माय वेचाले गेली." मी म्हणालो, "ते मला सांगू नको." ती गेली आणि परत आली नाही. हजेरीपटावर मी काही दिवस गैरहजेरी मांडीत राहिलो व पुढे तिचे नाव कमी झाले. त्या गावास अंगणवाडी होती, परंतु ती उघडण्याची वेळ आणि वेचणीस जाणाऱ्या बायांची वेळ यांची गाठ पडत नसे. मी अंगणवाडीत जाऊन एका शब्दाने चौकशी केली असती तर काही वाट निघाली असती, असे मला आज वाटते. तेव्हा अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटण्याची जागा अशी माझी समजूत होती. दोष त्या मुलीचा नव्हता, तिच्या आईचाही नव्हता. तो माझा होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्याची माहिती वाचनात आली, आणि मी ज्या प्रश्नापुढे हात टेकले होते, तो प्रश्न माझ्या जन्मापूर्वीच कोणी तरी सोडवून ठेवला होता हे कळून चुकले.

ताराबाई गिजुभाई बधेका यांच्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात तयार झालेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. मुंबईत त्यांचा जम बसलेला होता. असे असता १९४५ साली, वयाची त्रेपन्न वर्षे झाल्यावर, त्या त्यावेळच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी या गावी खेड्यातील बालशिक्षणाचा प्रयोग करण्यास गेल्या. आमच्यासारखे लोक या वयात सोयीची बदली मागतात. त्यांच्यासमवेत अनुताई वाघ होत्या. त्यांचे वय तेव्हा पस्तीस. बालपणी विवाह होऊन सहा महिन्यांतच वैधव्य आलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या या बाई ताराबाईंस एका शिबिरात भेटल्या आणि पुढे जन्मभर त्याच कामात राहिल्या.

बोर्डीस बालवाडी सुरू झाली. परंतु ज्या मुलांसाठी मुख्यतः ती मांडली होती, त्या हरिजनवस्तीतील व आदिवासी पाड्यांवरील मुले तिकडे फिरकेनात. येथे साधारण माणूस काय करतो? पालकांची अनास्था, असा शेरा लिहून मोकळा होतो. त्या बाईंनी साहित्य उचलले आणि वस्तीत नेले. झाडाखाली किंवा घरापुढच्या अंगणात, मुलांच्या सोयीच्या वेळी, वर्ग भरू लागला. प्रथम मुलांस न्हाऊ घालावयाचे, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे आणि मग गाणी, गोष्टी व खेळ. ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी भरते ती मध्यवर्ती बालवाडी, आणि मुलांच्या अंगणात भरते ती अंगणवाडी, असा भेद ताराबाईंनी केला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा हाच शब्द गावोगावच्या केंद्रांस मिळाला. आज तो आसेतुहिमाचल चालतो; परंतु तो प्रथम उच्चारला गेला तेव्हा त्यात इमारतीचा अर्थच नव्हता, हे आपण विसरलो आहोत.

पुढे ही संस्था डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेली. तेथे वारली मुलांमध्ये काम करताना त्यांस तोच अडथळा आला जो मला आला होता. मोठी बहीण शाळेत यावयाची तर धाकटे भावंड सांभाळणार कोण? त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही एकाच आवारात आणली व त्या योजनेस विकासवाडी असे नाव दिले. बहिणीने भावास कडेवर घेऊन यावे, त्यास पाळणाघरात ठेवावे आणि आपल्या वर्गात जावे. मी जी मुलगी परत पाठविली, तिला तेथे कोणी परत पाठविले नसते. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी तर त्यांनी कुरणातच शाळा नेली. अनुताई १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, याच कामात होत्या.

या साऱ्यातून संचालिकेच्या कामाविषयी जे निघते, ते मला असे दिसते की तिचे पहिले काम केंद्राच्या दाराबाहेर आहे. कोणते मूल आले याची नोंद कोणीही ठेवील. कोणते आले नाही, ते या घटकेस कोठे आहे आणि कोणाबरोबर आहे, हे जिला ठाऊक असते ती संचालिका होय.

हा विचार केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी यांनी रोम शहरातील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले. ते एका चाळवजा इमारतीतच होते. त्या गृहातील प्रमुख बाईंना माँटेसरींनी शिक्षिका न म्हणता संचालिका म्हटले. कारण शिकण्याचे काम मूल स्वतःच्या हातांनी करते, बाईंनी त्या कामाची मांडणी करावयाची व त्यावर नजर ठेवावयाची, अशी त्यांची भूमिका होती. बालगृहाच्या नियमांत दोन गोष्टी होत्या. संचालिकेने त्याच इमारतीत राहावे, आणि प्रत्येक आईने आठवड्यातून निदान एकदा तिला भेटून मुलाविषयी बोलावे. रोममधील बाईंस राहण्याचा नियम करावा लागला. आपली सेविका बहुधा त्याच गावची सून किंवा लेक असते. हा लाभ आपणांस फुकट मिळालेला आहे. तो आपण वापरतो का, हे ज्याने त्याने पाहावे.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. पैनगंगेच्या अलीकडचा हा भाग; पलीकडे तेलंगण. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत झाली आहे, त्यांपैकी कोलाम आपल्याकडे आहेत, गोंड आहेत, तेलुगू बोलणारी घरेही आहेत. कोलामांचे पोड मूळ गावापासून अंतर राखून असते. पोडातील चार वर्षांचे लेकरू अंगणवाडीत येते तेव्हा त्यास तहान लागली तर ते काय म्हणेल? कोलामी घरचे असेल तर 'ईर' म्हणेल, गोंडी घरचे असेल तर 'येर', तेलुगू घरचे असेल तर 'नीळ्लु'. उच्चारात गावोगाव थोडा फरक पडेल. केंद्रात मात्र भिंतीवर पेल्याचे चित्र आणि त्याखाली 'पाणी' असे लिहिलेले असते. मूल गप्प बसते. आपण लिहितो, मूल बुजरे आहे. पहिलीत ते तुमच्याकडे येते आणि तुम्ही लिहिता, मूल मंद आहे. एका मुलास तहान लागली होती, एवढाच मूळचा मजकूर.

या बाबतीत संचालिकेस फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. पाच-पन्नास शब्द तिने शिकून घ्यावेत: पाणी, भूक, दुखते, शी-शू, आई, ये, बस, भीती वाटते. मदतनीस पोडातली असेल तर तिला चुलीपाशीच अडकवून न ठेवता सकाळचा अर्धा तास मुलांत बसवावे व तिच्या बोलीत तिला गोष्ट सांगू द्यावी. एका केंद्रात मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे. मदतनीसबाई प्रथम लाजल्या, "मले काय येते?" म्हणाल्या, आणि मग त्यांनी अस्वलाची एक गोष्ट अशी रंगविली की, कोपऱ्यात बसणारे पोर उठून त्यांच्या मांडीला येऊन चिकटले. त्यानंतर सेविकेने तीच गोष्ट मराठीत सांगितली. मुलांस गोष्ट ठाऊक होती, त्यामुळे शब्द त्यांनी आपोआप उचलले. मराठी शिकविण्याचा याहून चांगला पाठ मी आमच्या अध्यापक विद्यालयातही पाहिला नव्हता. हाताखालच्या माणसाच्या अंगचा गुण ओळखून त्यास वाव देणे हे संचालनच आहे, आणि ते दोन माणसांच्या केंद्रातही करता येते.

साहित्याविषयी थोडे. माँटेसरींचे मूळ साहित्य खर्चिक होते. ताराबाई व अनुताईंनी गारगोट्या, शिंपले, पाने, बिया व माती घेऊन तेच काम करून दाखविले. आपल्याकडे शिंपले नाहीत, परंतु सरकी आहे, तूर आहे, पळसाची व सागाची पाने आहेत, मोहाच्या बिया आहेत. पोडात बांबूच्या टोपल्या विणणारे हात आहेत. लहान-मोठ्या सात टोपल्या एका आजोबांकडून विणून घेतल्या, तर एकात एक बसविण्याचा खेळ होतो आणि आजोबा केंद्रात येऊ लागतात. दुसरा लाभ पहिल्याहून मोठा आहे. फार लहान बिया तीन वर्षांच्या मुलांच्या हाती नजरेआड देऊ नयेत, ती नाकात-कानात घालतात. हे सांगावयास नको, तरी सांगतो.

पाटीवर बाराखडी गिरविण्याचा आग्रह मात्र धरू नये. येथे मला शिक्षकबंधूंनाच दोष दिला पाहिजे. "पोरांना निदान मुळाक्षरे तरी घालून पाठवा," असे आपण सेविकेस सांगतो. पालकही खासगी बालवर्गाकडे बोट दाखवितात. आणि ती बिचारी चार वर्षांच्या मुलाची बोटे धरून 'ग' काढून घेते. त्या बोटांत अजून बळ नसते. माती मळणे, मणी ओवणे, पाने फाडणे, शेंगा सोलणे यांतून ते येते. ज्या मुलाने वर्षभर शेंगा सोलल्या, त्याचे अक्षर पहिलीत लवकर वळते, असा माझा अनुभव आहे. आपण सेविकेकडे अक्षरे मागू नयेत. मूल सांगितलेले ऐकते का, स्वतःचे सांगते का, दोन मुलांत मिळून खेळते का, एवढे मागावे.

आहारास गौण समजू नये, हेही ओघाने सांगतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलास दररोज पाचशे उष्मांक व बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिने देणारा आहार योजनेने २००९ साली ठरविला होता. उपाशी मूल गोष्ट ऐकत नाही. वाढणे हाही पाठच आहे: हात धुणे, आपल्या पाळीची वाट पाहणे, मोजून ताटल्या मांडणे. फक्त आहार वाटून झाल्यावर केंद्र उठते, अशी जी चाल काही ठिकाणी पडली आहे, ती मोडावयास हवी.

आणि ती मोडावयाची कोणी? नोंदींचा भार पाहिला म्हणजे सेविकेची मला कीव येते. वह्या होत्या, मग भ्रमणध्वनीवरील पोषण ट्रॅकर आला; पोडात जाळे मिळत नाही म्हणून माहिती भरण्यास तिला उंचवट्यावर जाऊन उभे राहावे लागते. तेवढा वेळ मुले मदतनिसीकडे असतात. तिच्या पर्यवेक्षिका भगिनींना माझी विनंती आहे की, भेटीच्या वेळी प्रथम मुलांत अर्धा तास बसावे आणि नोंदी मागाहून मागाव्यात. मी स्वतः शाळाभेटीत पुष्कळ वर्षे याच्या उलट वागलो. मुले उभी राहून नमस्ते म्हणत, मी खुर्चीवर बसून टाचणवही मागत असे.

वेळेच्या बाबतीत एका सेविकाताईंचे उदाहरण देतो. नाव सांगितलेले त्यांस आवडणार नाही. वेचणी सुरू झाली की बाया सकाळी लवकर शेतावर जातात. या ताईंनी त्या दिवसांपुरते केंद्र लवकर उघडावयास प्रारंभ केला. रीतसर कळवून, ग्रामसभेत बोलून, मदतनिसीबरोबर पाळ्या लावून. प्रथम आठवडाभर तीनच मुले आली. मग एका बाईने शेतावर दुसरीस सांगितले. त्या हंगामात गावच्या शाळेतील चौथी-पाचवीच्या मुलींची हजेरी पूर्वीसारखी कोसळली नाही, असे तेथील मुख्याध्यापकांनी मला हजेरीपट उघडून दाखविले. शाळेने यासाठी काहीच केले नव्हते, हे त्यांनीच मोकळेपणाने कबूल केले. अंगणवाडीच्या दाराची कडी अर्धा-पाऊण तास आधी निघाली, म्हणून पाचवीतली मुलगी शाळेत आली. बंधूंनो, सेविकेच्या कामाचा आपल्या कामाशी संबंध काय, या प्रश्नास माझ्याजवळ याहून वेगळे उत्तर नाही.

आता शेवटी आपल्याकडून काय व्हावे ते सांगतो. ज्या गावी अंगणवाडी शाळेच्या आवारात आहे, तेथे सेविकेस आपली कनिष्ठ समजून निरोप्याची कामे सांगण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. ती तिच्या केंद्राची प्रमुख आहे. मुख्याध्यापकांनी तिच्याशी प्रमुखाने प्रमुखाशी बोलावे तसे बोलावे. तिला 'ए बाई' म्हणणारे मी ऐकले आहेत. मुलेही ते ऐकतात. शाळेत गोष्टीची पुस्तके, चित्रे, जुने गालिचे असतील ते तिला वापरावयास द्यावेत. आणि वर्गात एखादी मुलगी भावंडास घेऊन आली, तर तिला परत पाठविण्याआधी त्या भावंडास हाती धरून आपण स्वतः अंगणवाडीपर्यंत चालत जावे.

मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या कामाने पोडे रिकामी होतात, म्हणून हे काम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाविषयी मुख्याध्यापक व पहिलीचे शिक्षक यांनी सेविकेच्या केंद्रात जाऊन, तिच्या सतरंजीवर बसून, तिच्याकडून ऐकून घ्यावे: घरची बोली कोणती, कशाने रमते, कशाला भिते, कोणत्या महिन्यात गैरहजर असते, धाकटे भावंड आहे काय. प्रत्येक मुलामागे एक पान पुरे. त्यासाठी छापील नमुना मी मुद्दामच काढलेला नाही. कोऱ्या वहीवर लिहावे. ती वही जून महिन्यातील माझ्या शाळाभेटीत मी पाहीन, आणि सेविकाताई त्या वेळी शाळेत हजर असतील तर त्यांच्यासमोरच पाहीन.